डोलत्या बोटीवर झोपायचं कशावर? बंक, पाईप-कॉट, हॅमॉक आणि गिंबल

पुण्यात राहून बोट बाळगणाऱ्यांचं बरंचसं काम पुण्यातच होतं. बोट मांडव्याला नाहीतर गोव्याला, फॅब्रिकेशन भोसरीत, लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणि केबिनचा आराखडा घरच्या जेवणाच्या टेबलावर. टेबल काही डोलत नाही. त्यामुळे कागदावर पलंग ऐसपैस निघतो आणि समुद्रात पहिल्याच रात्री झोपणारा कठडा धरून जागा राहतो. मग विचारणा सुरू होते: बोट कशीही डोलो, पलंग सपाट राहील असं काही बसवता येईल का?

बसवता येतं, तीन-चार प्रकारे. पण पलंग तिरका झाला म्हणून झोप फारशी मोडत नाही. अंग घसरू नये यासाठी झोपेतही स्नायू ताणलेले राहतात, त्याने मोडते. हे लक्षात ठेवून निवड केली तर बऱ्याच जणांचे पैसे वाचतील. तीस ते चाळीस फुटी शिडाच्या बोटीसाठी आमचं मत आधीच सांगून टाकतो: अरुंद पक्का बंक (जागीच बसवलेला पलंग) आणि त्याला ली-क्लॉथ, म्हणजे कडेला उभं राहणारं कापड. बाकीचे पर्याय ठराविक कारणासाठीच घ्यावेत.

डोल वेगळा, कल वेगळा

नोव्हेंबर ते मे या मोसमात कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येचा असतो. मुंबईहून गोव्याकडे जाताना तो पाठीमागून लागतो आणि बोट दोन्ही बाजूंना आलटून-पालटून डोलत जाते. परतताना तोच वारा तोंडावर येतो. शिडं ओढून घट्ट केलेली आणि बोट पंधरा-वीस अंश एकाच बाजूला कललेली, तासन्‌तास. डोलाला अंगाला दोन्हीकडून आधार लागतो, तर कलाला पलंगाचा कोन बदलता यावा लागतो. तुमच्या फेऱ्यांमध्ये यातलं काय जास्त, यावर अर्धा निर्णय होतो.

तिसरी हालचाल वर-खाली होण्याची. पोटात ढवळतं ते मुख्यतः तिनेच, आणि साधारण पाच सेकंदांना एक अशी लय सर्वांत वाईट. यावर कोणताही झुलता पलंग काहीही करू शकत नाही. इथे उपाय जागेचा: बोटीच्या लांबीच्या मध्याजवळ, जमेल तितकं खाली. पुढच्या टोकातली त्रिकोणी केबिन बंदरात झोपायला छान, चालत्या बोटीत ती शिडांच्या पिशव्यांना द्यावी. आणि पलंग बोटीच्या लांबीला समांतरच हवा. आडवा टाकलात तर एका दिशेने जाताना डोकं खाली आणि पाय वर, अशी रात्र काढावी लागेल.

पक्का बंक आणि ली-क्लॉथ

लांबी १९५ ते २०० सेंमी, रुंदी खांद्यापाशी ५५ ते ६०, पायाशी ४५ चालते. रुंद बंक म्हणजे लोळायला मोकळी जागा. जोडप्यासाठी दुहेरी पलंग हवाच असेल तर मधोमध उभं कापड लावायची सोय ठेवा आणि समुद्रात तो दोन बंक म्हणून वापरा.

ली-क्लॉथ म्हणजे बंकच्या मोकळ्या कडेला उभं राहणारं कापड. लांबी १२० ते १५० सेंमी, म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. डोकं मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर कोंडल्यासारखं होतं. गादीच्या वर उंची ४० ते ४५ सेंमी. खालची कड गादीखाली जाते आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच: कापड बंकच्या अगदी काठावर ठोकतात. काठापासून दहा-एक सेंमी आत ठोकलं तर अंगाचा भार आल्यावर गादीची कड वर उचलली जाते आणि अंग आपोआप खोबणीत बसतं. कापडावरून २५ × १० मिमीची लाकडी पट्टी, तिला दर ७५ मिमीवर वॉशरसह स्टेनलेस स्क्रू, आणि खाली किमान १२ मिमीचं मरीन प्लाय. सहा मिमीच्या प्लायमध्ये स्क्रूची पकड टिकत नाही. एका मोठ्या लाटेला ऐंशी किलोचा माणूस कापडावर आदळतो तेव्हा अख्खी पट्टी स्क्रूंसकट उपटते. वजनाच्या निदान दुप्पट भार येणार असं धरून बांधा.

वरच्या दोन कोपऱ्यांचे दोर छताजवळच्या कडीला जातात. कड्या खाली बसल्या तर कापड बाहेरच्या बाजूला लोंबतं आणि त्याचा उपयोग संपतो. दोर आतून, झोपलेल्या माणसाला एका हाताने सोडता यायला हवा. सरकगाठ पुरते. कापड पॉलिएस्टरचं घ्या, कारण नायलॉन ओलं झालं की सैलावतं. शिवायला दोराही पॉलिएस्टरचाच. सुती दोरा दमट हवेत कुजतो आणि शिवण पहिल्या जोरात उसवते. आपल्याकडच्या उकाड्यात वरचा अर्धा भाग जाळीचा ठेवला तर वारा लागतो.

गादी १० सेंमी, ४० घनतेचा फोम. त्याहून मऊ फोमात कंबर रुतते आणि प्रत्येक डोलाला अंग वळतं. बंकच्या प्लायला २५ मिमीची भोकं, १५ सेंमी अंतराने. भोकं नसतील तर महिन्याभरात गादीखाली बुरशीचा काळा नकाशा उमटतो. पावसाळ्यात बोट बाहेर काढली की गाद्या पुण्याला घरी आणून उभ्या ठेवाव्यात.

पाईप-कॉट

दोन लांब पाईप, त्यात ताणलेलं कॅनव्हास. बोटीच्या भिंतीकडचा पाईप खोबणीत फिरतो आणि आतला कप्पी-दोराने वर-खाली होतो. कलावर हा सरळ इलाज आहे. किती उचलावं लागेल ते काढणं सोपं: ६० सेंमी रुंदीला १० अंश कलासाठी १० सेंमी, २० अंशासाठी २० सेंमी, ३० अंशासाठी ३०. म्हणजे कप्पीला निदान ३५ सेंमी खेळ हवा आणि वर झोपणाऱ्याच्या खांद्याला जागा. बंकच्या वर दुसरा मजला म्हणून हा बसवतात तेव्हा हा हिशेब विसरला जातो आणि कॉट वर घेतली की नाक छताला.

ऐंशी किलोच्या माणसाचा निम्मा भार आतल्या पाईपवर, म्हणजे प्रत्येक टोकाला वीस किलो. तीनपट कप्पी लावली तर घर्षण धरून आठ-नऊ किलोच्या ओढीत काम होतं, ते झोपूनही जमतं. दोर मात्र झोपलेल्याच्या हाताशी यायला हवा. बोटीने दिशा बदलली की कल दुसऱ्या बाजूला जातो. त्या वेळी उठून दिवा लावून दोर शोधायचा असेल तर पाईप-कॉटचा फायदा संपलाच. दोर धरणारी दातेरी पकड झिजली की मध्यरात्री घसरते, म्हणून सोबत ठरावीक लांबीचा एक पट्टा पडता आधार म्हणून ठेवा.

पाईप २५ मिमी, जाडी दीड मिमीच्या आसपास. वजनाने हलका म्हणून ॲल्युमिनियमचा मोह होतो. तो घेतलात तर वेल्डिंग टाळा: वेल्डच्या कडेला तापलेली धातू मऊ पडते आणि कॉट नेमकी तिथेच वाकते. बाही घालून बोल्ट करा, आणि स्टेनलेस बोल्ट व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये प्लॅस्टिकची बुश-वॉशर घाला. नाहीतर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची जोडी ॲल्युमिनियमला खात सुटते आणि बोल्टभोवती पांढरी पूड दिसू लागते. ही झंझट नको असेल तर ३१६ स्टेनलेस. भोसरीत हे काम करणारे भरपूर आहेत. ‘फूड ग्रेड’ म्हणून ३०४ गळ्यात मारू नका, एवढं मात्र बजावून सांगावं लागतं.

कॅनव्हासच्या ताणाने दोन्ही पाईप मध्ये आत वाकतात आणि माणूस झोळीत पडतो. कापड शिवून बंद करण्याऐवजी एका बाजूला आयलेट पाडून दोराने आवळतं ठेवा, म्हणजे सैल पडलं की पुन्हा ताणता येतं. दोर पॉलिएस्टरचाच. बाजारात सहज मिळणारा निळा-हिरवा पॉलिप्रॉपिलिन भाराखाली हळूहळू लांबत राहतो.

हॅमॉक

दोन टोकांना टांगलेली कापडी झोळी म्हणजे हॅमॉक. कोलंबसाच्या लोकांनी तो १४९२ मध्ये बहामात पाहिला आणि पुढे ब्रिटिश आरमाराने शतकानुशतकं वापरला, माणशी १४ इंच रुंदीच्या जागेत. तिथे तो चालला, कारण जहाज जड, त्याचा डोल संथ आणि सगळे हॅमॉक एकाच तालात झुलणारे. आपल्या छोट्या बोटीचं गणित वेगळं आहे. टांगलेल्या वस्तूची झुलण्याची लय लांबीवर ठरते: ८० सेंमी खाली लोंबणारं शरीर सुमारे १.८ सेकंदांत एक झोका घेतं. मोठ्या जहाजाचा डोल दहा-पंधरा सेकंदांचा, त्याच्यापुढे हा झोका इतका चटपटीत की शरीर निमूट सरळ खाली लोंबत राहतं. लहान बोट मात्र तीन सेकंदांत डोलते, लयी जवळ येतात आणि हॅमॉक बोटीच्या डोलात भर घालून स्वतःच झुलू लागतो.

शिवाय जागा. ८० सेंमी लोंबत्या अंगाला २० अंश डोलासाठी प्रत्येक बाजूला २७ सेंमी, वर कोपर आणि सुरक्षित अंतर. तीस फुटी बोटीच्या केबिनमध्ये हे जमलंच तर येण्या-जाण्याची वाट बंद होते.

मग कधी घ्यावा? उघड्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून थांबायची सवय असेल, किंवा डेकवर उकाड्यात पडायचं असेल, तर जरूर. दोर आडव्याशी ३० अंश ठेवला तर प्रत्येक कडीवर माणसाच्या वजनाइतका ताण येतो. ताठ ओढून १५ अंश केला तर जवळजवळ दुप्पट. झोक्याचा धक्का त्यावर आणखी. म्हणून कडी ८ मिमी आरपार बोल्टने, मागे पत्रा घालून.

गिंबल पलंग

डोक्याशी आणि पायाशी खिळीवर टांगलेला संपूर्ण पलंग. पाहणाऱ्याला हाच आवडतो, आणि आम्ही बहुतेकांना नको म्हणतो. समजा माणूस ८० किलो, पलंग २० किलो, आणि खीळ एकूण भारकेंद्राच्या ३० सेंमी वर. झोपेत माणूस १० सेंमी बाजूला सरकला की पलंग शांत पाण्यातही १५ अंश कलतो. खीळ ६० सेंमी वर नेली तर कल निम्मा होतो, पण झुलायची जागा दुप्पट लागते. पलंगाखाली शिसं बांधून भारकेंद्र खाली नेता येतं, तेव्हा आपण बोटीत विनाकारण वजन वाहतो.

आणि तो खरोखर सपाट राहत नाहीच. टांगलेली वस्तू जाणवणाऱ्या भाराच्या दिशेने लोंबते. बोटीच्या डोलण्याच्या अक्षापासून दूर, बाजूला किंवा उंचावर टांगलात तर प्रत्येक डोलाबरोबर आडवा हिसकाही बसतो. पोलाद बनवण्याच्या पद्धतीमुळे प्रसिद्ध झालेल्या हेन्री बेसेमरने अख्खा दिवाणखाना झुलता ठेवून जहाज बांधलं आणि १८७५ मध्ये चालवून पाहिलं. स्पिरिट लेव्हलकडे बघत एक माणूस हायड्रॉलिकने तो सरळ ठेवणार होता. जहाज फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळलं आणि बेत बारगळला.

तरीही घ्यायचा असेल, उदाहरणार्थ पाठीच्या दुखण्यामुळे, तर तीन गोष्टी. झोका मरण्यासाठी घर्षणाची चकती किंवा रबरी दोर. बंद करायची खीळ. आणि गनमेटलची बुश. बॉल बेअरिंग गंजतं, नायलॉनची बुश पाणी पिऊन फुगते आणि पलंग तिरक्या अवस्थेत अडकून बसतो. कडेला बोटं चिरडण्याइतकी फट ठेवू नका. गिंबल स्टोव्हला ठेवा, तिथे तो शोभतो.

मोटरबोटवाले गायरो स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या जड चाकाने डोल दाबणाऱ्या यंत्राबद्दल विचारतात. तो डोल खरंच कमी करतो, पण वजन आणि वीज दोन्ही मागतो. शिडाच्या बोटीत वारा भरलेलं शीडच डोल बराच दाबतं.

मालवाहू जहाजावर जाणाऱ्यांसाठी

तळेगाव-इंदोरीच्या किंवा लोणीच्या सागरी प्रशिक्षण संस्थांतून शिकून जहाजावर जाणाऱ्यांना निवडीची मुभा नसते, बंक ठरलेला. सागरी कामगार करारानुसार तो किमान १९८ × ८० सेंमी हवा. ऐंशी सेंमी बंदरात सुखाचे, दहा अंश डोलात घातक. गादीची बाहेरची कड खालून उचलून भिंतीच्या बाजूला V आकार करा, मोकळी रुंदी ५५ सेंमीवर आणा. पोटावर, एक गुडघा वाकवून झोपलं की अंग वळायचं थांबतं. तेवढ्याने भागलं नाही तर केबिनमधला सोफा बहुधा बंकच्या काटकोनात असतो. त्यावर अंग लोळत नाही, फक्त डोकं-पाय वर-खाली होतात आणि संथ डोलात ते पुष्कळांना चालतं. पाय टेकायला मात्र काहीतरी भक्कम हवं.

गादीखाली बरेच जण लाईफ-जॅकेट खुपसतात. काम होतं, पण अलार्म वाजला की अंधारात गादी उपसून ते ओढत बसावं लागतं. त्याजागी जादा चादर किंवा बॉयलर-सूट घट्ट गुंडाळून दोन ठिकाणी बांधून घाला आणि जॅकेट त्याच्या ठरलेल्या खणातच राहू द्या.