बियॉन्से, ड्रेक की चार्ली: नाव कोण घेतं?

मावसभावाची हळद आहे कळव्याला आणि नवरदेवाने आत्तापासून माझं डोकं खायला सुरुवात केलीय. त्याला काय तर रात्री दहाला साऊंड बंद व्हायच्या आधी आगरी-कोळी गाणी थांबवून अर्धा तास "क्लबवालं इंग्लिश" वाजवायचंय. "ताई, बियॉन्सेचा तो घोड्यावरचा अल्बम, ड्रेकचा तो नाचायचा आणि चार्लीचा तो हिरवा, तीनपैकी एकच नीट ऐकणार मी, टाइम नाहीये, तूच सांग कुठला." टाइम नाहीये हे खरंय, पत्रिका वाटायच्यात, हॉलवाल्याचे पैसे द्यायचेत, पण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही म्हणून इथे लिहितेय, बाकी कोणी याच गोंधळात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

तिघांनी तसं बघितलं तर एकच गोष्ट केलीय, छोट्या अंधाऱ्या क्लबात वर्षानुवर्षं जे वाजत होतं ते उचलून मोठ्या स्टेजवर आणलं. ड्रेकचा ऑनेस्टली नेव्हरमाइंड जून २०२२, बियॉन्सेचा रेनेसाँ दीडेक महिन्यात त्याच्या मागोमाग जुलै २०२२, आणि चार्ली एक्ससीएक्सचा ब्रॅट जून २०२४. पण उचलायच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घरात लग्न असल्यामुळे असेल, माझी मोजपट्टी लग्नातलीच आहे: नाव घेतलं का? नवरी नाव घेत नाही तोवर दारातून आत सोडत नाहीत, तसंच. ज्यांच्याकडून ठेका घेतला त्यांचं नाव गाण्यात येतं का, की नुसतं क्रेडिटच्या बारीक अक्षरात?

हे माझ्या डोक्यात आलं ते मॅडोनाच्या १९९०च्या व्होगवरून. न्यूयॉर्कच्या बॉलरूममध्ये, म्हणजे नाच-फॅशनच्या स्पर्धांमध्ये, काळी आणि लॅटिनो गे पोरं, ट्रान्स बायका जी नाचाची स्टाइल करायच्या ती तिने उचलली, तिथल्याच हाऊस ऑफ एक्स्ट्रावागान्झाचे (हाऊस म्हणजे तिथलं कुटुंबासारखं टोळकं) होजे आणि लुईस हे दोघं डान्सर व्हिडिओत आणि टूरवर घेतले, तेवढं श्रेय तिला आहेच. पण गाण्याच्या मधे जी नावांची यादी येते ना, ग्रेटा गार्बो, मर्लिन मन्रो वगैरे, त्यात सगळे जुने गोरे स्टार, बॉलरूममधलं एकसुद्धा नाव नाही. गाणं आजही भारी वाजतं, तो प्रश्नच नाही.

आता रेनेसाँ. सोळा गाणी, साधारण बासष्ट मिनिटं, आणि बरीचशी गाणी एकमेकांत अशी मिसळलीयत की एक संपून दुसरं कधी चालू झालं ते कळत नाही, जसं चांगला डीजे वाजवतो तसं. हाऊस म्युझिक शिकागोचं, १९७७ला तिथे वेअरहाऊस नावाचा क्लब निघाला, फ्रँकी नकल्स तिथे डिस्कोच्या रेकॉर्डी लांबवून जोडून वाजवायचा, नाचायला येणारे बहुतेक काळे आणि गे, आणि "हाऊस" हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. बियॉन्सेने कोझी आणि एलियन सुपरस्टारसाठी त्याच शिकागोची डीजे हनी डिजॉन बसवली. ब्रेक माय सोलमध्ये मधेच जो खणखणीत आवाज ओरडतो तो न्यू ऑर्लीन्सच्या बिग फ्रीडियाचा, तिच्या २०१४च्या गाण्यातला. प्युअर-हनीमध्ये नव्वदच्या दशकातल्या, बायकी वेशात सादर करणाऱ्या ड्रॅग कलाकारांचे, केव्हिन अव्हियान्स आणि मोई रेनेचे आवाज आहेत. शेवटच्या गाण्यात डोना समर आणि जॉर्जिओ मोरोडरचं १९७७चं आय फील लव्ह. अख्खा अल्बम म्हणजे कुलवृत्तांत आहे, कोण कोणाचं कोण हे लिहून ठेवलेला.

आणि खरी गंमत पुढे झाली. ऑगस्ट २०२२ला ब्रेक माय सोलचा क्वीन्स रिमिक्स आला, त्यात तिने मॅडोनाचं व्होगच घेतलं आणि ती जुनी यादी काढून टाकून तिथे काळ्या गायिकांची नावं आणि त्यामागे बॉलरूमच्या हाऊसची नावं घातली, एक्स्ट्रावागान्झासकट. बत्तीस वर्षांनी का होईना, त्याच चालीवर नाव घेतलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घणसोलीच्या प्लॅटफॉर्मवर होते आणि गाडी सोडली, परत ऐकलं.

पण सगळं गोडगोड नाहीये. एनर्जी गाण्यात केलिस या गायिकेच्या मिल्कशेक गाण्याचा तुकडा होता, केलिसने जाहीरपणे सांगितलं की मला कोणी विचारलं नाही, कायद्याने त्या गाण्याच्या लेखनाचे हक्क तिच्याकडे नव्हतेच, पण तिचं म्हणणं माणुसकीचं होतं, आणि मग तो तुकडा गाण्यातून काढला गेला. म्हणजे इतक्या नावांत एक नाव राहिलं. लग्नात होतंच, एका आत्याला आमंत्रण द्यायचं राहतंच आणि मग तीच वर्षभर लक्षात राहते.

ड्रेकबद्दल मी आधी जरा आकसाने लिहिणार होते, कारण पहिल्यांदा ऐकल्यावर मला झोप आली. चौदा गाणी, बावन्न मिनिटं, आणि बराचसा वेळ तो गुणगुणतोय की कुरकुरतोय तेच कळत नाही. पण एका रविवारी दुपारी आमच्या ओळखीच्या साऊंडवाल्या दादाच्या गाळ्यावर हळदीच्या सेटिंगचं बोलायला गेलो होतो, नवरदेव आणि मी, तेव्हा मत बदललं. थोडंसंच, पण बदललं.

गाळा म्हणजे घणसोली गावात अर्धं शटर वर केलेला, आत बेसचे डबे एकावर एक, केबलची वेटोळी, कोपऱ्यात बेंजोवाल्यांनी ठेवलेला एक फाटका ताशा. दादा तीसेक वर्षं हळदी वाजवतोय, इंग्लिश गाण्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्याला ड्रेकच्या अल्बममधलं करंट्स लावून दिलं. ते जर्सी क्लब आहे, न्यू जर्सीच्या न्यूअर्क शहरातून आलेली पद्धत, १३०-१४० बीपीएमची (म्हणजे मिनिटाला इतके ठोके), त्यात मधेमधे पलंग करकरल्यासारखा आवाज येतो (हो, तोच अर्थ आहे, मावशींना सांगू नका). दादाने कटिंग खाली ठेवला, डबा वाजवल्यासारखी बोटं टेबलावर मारली आणि म्हणाला, "हे बघ, दोन सरळ मारतोय आणि मग तीन एकमेकांवर रेलून मारतोय. हे आपल्याकडे पण चालेल, पण गाणारा झोपलाय." यापेक्षा चांगलं परीक्षण मी कुठे वाचलं नाही.

आणि नावाचं म्हणाल तर ड्रेक विचित्र केस आहे. २०१६च्या वन डान्सवर त्याने यूके फंकी या लंडनच्या क्लब संगीतातलं गाणं वापरलं तर मूळ गायिका कायलाचं नाव सरळ गाण्याच्या नावासोबत लावलं, विझकिडचंही. ऑनेस्टली नेव्हरमाइंडवर मात्र साऊथ आफ्रिकेचा ब्लॅक कॉफी, जो १९९०च्या अपघातानंतर एका हाताने डीजेइंग करतो आणि ज्याला एप्रिल २०२२मध्ये स्वतःच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं, तो एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरांपैकी एक आहे पण नाव आत क्रेडिटमध्ये. अख्ख्या अल्बमवर दुसऱ्या कोणाचं नाव लागलंय तर ते ट्वेंटी वन सॅव्हेजचं, शेवटच्या जिमी कुक्सवर, आणि ते तर नाचायचं गाणंच नाही, सरळ रॅप आहे. बिलबोर्डला एक नंबर तेच गेलं. म्हणजे तेरा गाणी पाहुण्यांच्या घरी जेवून शेवटी आपल्या घरी येऊन पोट भरलं म्हणायचं.

चार्लीचा हिशोब तिसराच आहे. ती पाहुणी म्हणून आलीच नाही, चौदा-पंधरा वर्षांची असताना लंडनच्या बेकायदा रेव्ह पार्ट्यांमध्ये गायची आणि आईवडील गाडीने सोडायला जायचे. नंतर निर्माता ए. जी. कुकने २०१३ला काढलेल्या पीसी म्युझिक या लेबलच्या लोकांबरोबर, आणि सोफी नावाच्या निर्मातीबरोबर, तिने २०१६ला व्रूम व्रूम केलं, तेव्हा लोकांना ते भांडी आपटल्यासारखं वाटलं होतं. सोफी जानेवारी २०२१ला अथेन्समध्ये अपघातात गेली. ब्रॅटमध्ये सो आय हे गाणं तिच्यावर आहे, आणि क्लब क्लासिक्समध्ये तर चार्ली चक्क म्हणते की मला क्लबात माझीच गाणी ऐकायचीयत, आणि मग नावं घेते, ए. जी., सोफी, हडसन मोहॉक. उखाणाच तो, फक्त नवऱ्याऐवजी मित्रांचा. पंधरा गाणी, एक्केचाळीस मिनिटं, एकही फालतू नाही असं मी म्हणणार नाही पण दोनच आहेत. गाळ्यात हे लावलं तेव्हा शटर थरथरायला लागलं आणि समोरच्या किराणावाल्याने मान बाहेर काढून बघितलं. दादा म्हणाला, "बेस साफ आहे, पण म्हातारी माणसं उठून जातील."

ऐकायला कुठे ऐकणार यानेही फरक पडतो. मी रोज ट्रान्स-हार्बरने घणसोलीहून ठाण्याला, ठाण्याला उतरून पुढे बस. ठाणे ते वाशी अर्धा तास धरा, म्हणजे जाऊन-येऊन रेनेसाँ बरोब्बर बसतो, आणि त्याहून जास्त तोडून ऐकला की मजा जाते, वाशीला जाणाऱ्यांनी तुर्भे आलं की पॉज वगैरे करू नये. ब्रॅट एका फेरीपेक्षा थोडा मोठा, तोडला तरी चालतो. ड्रेक सकाळच्या गर्दीत नको, कारण त्या गर्दीत आवाज दबतो आणि उरतो नुसता टकटक ठेका. रात्री उशिराच्या गाडीत, खिडकीला डोकं टेकून, ऐरोलीच्या खाडीवरून वारं येत असताना मात्र तो फिट बसतो. खरंच सांगते, तिथे बाकीचे दोघं नाही बसत.

एक आपल्या अंगणातली गोष्ट. आपण हे "त्यांचं" म्युझिक म्हणतो, पण १९८२मध्ये मुंबईत चरणजीत सिंग नावाच्या हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या वादकाने रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचं) आणि टीआर-८०८ (ड्रमचं) मशीनवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली होती. शिकागोत त्याच ३०३च्या कुईंकुईंवरून हाऊसच्याच एका प्रकाराचं, अ‍ॅसिड हाऊसचं बारसं झालं ते फ्युचर नावाच्या ग्रुपच्या १९८७च्या रेकॉर्डने. शिकागोवाल्यांनी चरणजीतजींचं ऐकलं असं नाही म्हणत मी, आपणच ऐकलं नव्हतं. २०१०ला परदेशातल्या लोकांनी ती रेकॉर्ड परत काढली तेव्हा नाव झालं. त्यातला राग भैरव ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऐकून बघा, अंगावर काटा येतो.

तर नवरदेवा, तुझ्यासाठी. नीट एकच ऐकायचा असेल आणि त्यातून पुढे दहा नवीन नावं सापडावीत असं वाटत असेल तर रेनेसाँ, डोळे झाकून. हळदीत वाजवायलाही त्यातलं ब्रेक माय सोलच घे, साधारण ११५ बीपीएम आहे, मावशीसुद्धा टाळ्या वाजवेल, फक्त आपल्या सहा मात्रांच्या ठेक्यावरून डायरेक्ट उडी मारू नको, मधे दादाला मिनिटभर नुसता ताशा वाजवू दे नायतर सगळे पाय अडखळून उभे राहतील. प्युअर-हनी अजिबात नको, त्यातले शब्द शाळेतल्या पोरांना बरोबर कळतात. ब्रॅट मित्रांसाठी ठेव, हळदीनंतर गच्चीवर, हेडफोन नाहीतर छोट्या स्पीकरवर, आणि त्यातलं ३६५ नावाचं गाणं लावलंस तर चुलत्याला इंग्लिश येतं हे लक्षात ठेव. ज्याला आधीच पॉप आवडतं पण क्लबची भीती वाटते त्याने ब्रॅटनेच सुरुवात करावी, ते मला पटतं. ड्रेक फक्त एका माणसासाठी, ज्याला नाचायचंय पण कोणी बघू नये असं वाटतं, आणि असे आपल्या घरात दोघं आहेत, तुला माहितीयेत कोण.

गाळ्यातून निघताना दादाने शटर खाली ओढता ओढता विचारलं, ते ब्रेक माय सोलमध्ये मधेच ओरडणारं कोण होतं गं, ती गोरी काळी जी कोण असेल ती, तिचं वेगळं काही आहे का. मी म्हटलं बिग फ्रीडिया. त्याने दोनदा चुकीचं म्हणून तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं आणि मला फोन देऊन म्हणाला, टाक इथे, लिहून टाक.