टाइप-सी चार्जर: सहा महिने वापरल्यावर

एकच चार्जर घेतला आणि त्यावर फोन, टॅबलेट, इअरबड्स सगळं चार्ज होतंय, आधी पिशवीत ३ वायरी कोंबून न्यायचे मी!! ही काय कंपन्यांची मेहेरबानी नाही बरं का, ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपियन संसदेत ६०२ विरुद्ध १३ मतांनी ठराव पास झाला, मग २०२४ च्या शेवटापासून तिकडे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना टाइप-सी पोर्ट कंपल्सरी झाला, आणि वेगळा पोर्ट देणाऱ्यांनाही बदलावं लागलं. लॅपटॉपला २०२६ पासून. चार्जर मस्त, गरम होत नाही. वायर मात्र नीट बघून घ्या, दिसायला सगळ्या सारख्याच पण साध्या वायरीवर फास्ट चार्जिंग होईलच असं नाही, माझी पहिली वायर अशीच वाया गेली.