५० एमएम, ३५ एमएम की ५५-२५०? दहा-बारा हजारात कुत्र्या-मांजराच्या फोटोसाठी कोणती लेन्स घ्यावी

लेन्सच्या किमती पाहायच्या आधी घरातला मोजायचा टेप काढा आणि ज्या खोलीत तुमचं मांजर नाहीतर कुत्रं दिवसभर पसरलेलं असतं ती खोली मोजा, खरंच सांगतो. आमची बेडरूम दहा बाय बारा फुटांची, त्यात दिवाण, कपाट, अन् मार्च ते जून खिडकीला कूलर. एवढ्या जागेत ५० एमएम (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसते, पण फ्रेममध्ये मावते कमी) लावून आमच्या कुत्र्याचा, टिपूचा, पूर्ण फोटो घ्यायला गेलो तर पाठ कपाटाला टेकली तरी फ्रेममध्ये डोकं अन् पुढचे दोन पाय, बस. लेन्स खराब नव्हती, खोली लहान होती. पण घेताना हे कोणी सांगत नाही, जो तो म्हणते "फिफ्टी घे, डोळे मिटून घे".

हे लिहायचं कारण म्हणजे शेजारच्या काकूंची मुलगी. तिच्याकडे निकॉन डी३५०० आहे, सोबत आलेली १८-५५ आहे, अन् पिठी नावाची पांढरी मांजर आहे. ती म्हणे दादा, माझ्याकडे दहा-बारा हजार जमले, कोणती घेऊ? तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहून राहिलो. माझा स्वतःचा कॅमेरा कॅननचा २००डी, कुत्रा देशी, काळाभोर.

आधी किट लेन्सचं, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ चं, बोलू, कारण ती तर आपल्याकडे असतेच आणि तिची खरी अडचण काय हे कळल्याशिवाय पुढची लेन्स निवडता येत नाही. किट लेन्स झूम केली की ५५ वर तिचा अपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० करूनही, शटर १/६० सेकंदाच्या आसपास येतो. झोपलेल्या मांजरीला ते चालते. पण जागं जनावर १/६० ला थांबत नाही, कान हलते, शेपूट हलते, मान वळते, अन् फोटो पुसट. लेन्सवर आयएस किंवा व्हीआर लिहिलेलं असते ते पाहून लोकांना वाटते की आता फोटो हलणार नाही, पण ते फक्त आपल्या हाताची थरथर सावरते, कुत्र्याची हालचाल त्याला थांबवता येत नाही. हालचाल थांबवायला शटरच वाढवावा लागते, बसलेल्या जनावराला १/२५० तरी, पळणाऱ्याला १/१००० अन् वर.

आता ५०. एफ १.८ ला ५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच आयएसओला १/६० चा १/६०० होतो. हा फरक कागदावर नाही, डोळ्यांना दिसतो, मिशीचा एकेक केस वेगळा येतो. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम (कमी आवाजाच्या मोटरची) २०१५ मध्ये आली, वजन १६० ग्रॅम, पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जवळून फोकस करते, माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात बसणारा भाग, धातूचा. त्याच्या आधीची १९९० सालची दुसरी आवृत्ती अजूनही सेकंडहँडमध्ये फिरून राहिली, ती स्वस्तात मिळते पण माउंट प्लास्टिकचा अन् फोकस करताना मोटर घर्र घर्र करते. टिपू त्या आवाजानं दर वेळी मान वाकडी करून पाहायचा. एका फोटोला ते गोड दिसते, दहाव्या फोटोला नाही. हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील पण एसटीएमच घ्या.

पण मग खोलीचं गणित. कॅननच्या २००डी, १५००डी अशा बॉडीवर ५० एमएमनं दोन मीटर अंतरावर फक्त नव्वद सेंटिमीटर रुंदीचं दिसते. टिपू नाकापासून शेपटीपर्यंत मीटरच्या वर भरतो, तो आडवा पसरला की मला कमीत कमी अडीच-तीन मीटर मागं जावं लागते, आणि तिथं कपाट आहे. ३५ एमएम असेल तर तेवढ्याच दोन मीटरवर सव्वा मीटरच्या वर रुंदी मिळते, कुत्रा अख्खा येतो अन् बाजूला थोडी चादरही दिसते. म्हणून माझं मत असं की टू बीएचकेमध्ये राहणाऱ्याला, अन् ज्याचं जनावर घराबाहेर फारसं जात नाही त्याला, ३५ जास्त कामाची. हॉल मोठा आहे, नाहीतर जुन्या वाड्यासारखं अंगण आहे, तर ५०. नुसते चेहऱ्याचे, डोळ्यांचे फोटो आवडत असतील तरी ५०, कारण ती तोंडाचा आकार बिघडवत नाही, आणि २४ किंवा १८ वर झूम ठेवून जवळ गेलं की नाक भोपळ्याएवढं अन् कान मागं पळालेले दिसतात.

इथं निकॉनवाले नशीबवान आहेत. त्यांच्याकडे ३५ एफ १.८ जी डीएक्स आहे, २००९ सालची, दोनशे ग्रॅम, तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, आणि सेकंडहँडमध्ये आपल्या बजेटमध्ये आरामात बसते. कॅननच्या क्रॉप बॉडीसाठी, म्हणजे २००डीसारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी, इतकी स्वस्त अन् इतकी उघडी ३५ कॅननची स्वतःची नाही. २४ एफ २.८ ची चपटी लेन्स आहे, सव्वाशे ग्रॅमची, सोळा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, मांजराच्या पंजाच्या गाद्या काढायला फार सुंदर. पण किट लेन्सही २४ वर एफ ४ देते, म्हणजे उजेड फक्त दुप्पट मिळाला, दहापट नाही, अन् त्यासाठी एवढे पैसे मोजायला माझं मन होत नाही. योंगनुओ या चिनी कंपनीची ३५ एफ २ कॅनन माउंटमध्ये मिळते, मी ओळखीच्या एका भाऊची दोन दिवस वापरून पाहिली, फोटो चांगले आले पण फोकस आवाज करत होता आणि खिडकीपासून लांब गेलं की पुढं-मागं शोधत बसायचा. शांत, झोपाळू जनावर असेल तर घ्या, टिपूसारखं असेल तर नका घेऊ.

आणि आता जी लेन्स लोक "झूम आहे, फार काय" म्हणून सोडून देतात ती. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम, २०१३ ची. घरात ती जवळजवळ निरुपयोगी आहे, ८५ सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही आणि अपर्चर तोच ४ ते ५.६, ट्यूबलाइटमध्ये किट लेन्ससारखीच गत. पण बाहेर! आमच्या नागपुरातल्या बेसा साइडच्या लेआउटमध्ये अजून रिकामे प्लॉट आहेत, पावसानंतर गवत कमरेएवढं होते, थंडीत ते पिवळं पडते अन् सकाळी सातच्या उन्हात अख्खं मैदान चमकते. तिथं टिपूला सोडलं की तो दहा मीटरच्या आत थांबतच नाही. दहा मीटरवर ५० एमएमनं साडेचार मीटरची फ्रेम मिळते, त्यात कुत्रा म्हणजे कोपऱ्यातला काळा ठिपका. २५० वर तीच फ्रेम नव्वद सेंटिमीटरची होते, घरात ५० नं दोन मीटरवरून मिळायची तेवढीच. उजेड भरपूर असल्यानं ५.६ नं काही अडत नाही, आयएसओ ८०० ला १/१००० शटर मिळतो, फोकस एआय सर्व्होवर (हलत्या जनावराच्या मागं फोकस सतत धरून ठेवणारी सेटिंग) ठेवायचा, मधला एकच पॉइंट, बटण दाबून धरायचं. माझ्याकडे टिपूचा एक फोटो आहे, चारही पाय जमिनीच्या वर, जीभ एका बाजूला, दव उडालेलं, मागचं गवत पूर्ण विरघळलेलं. तो फोटो ५० नं निघालाच नसता.

म्हणून "एफ १.८ म्हणजे चांगली लेन्स अन् ५.६ म्हणजे साधी" असं मोजू नका. जनावर तुमच्यापासून किती लांब असते आणि तिथं उजेड किती, एवढंच पाहा.

उन्हाळ्याचं एक सांगून ठेवतो, एप्रिल-मेमध्ये आपल्या इथं सातच्या पुढं डांबरावर कुत्र्याला नेऊ नका, पंजे भाजतात. सहाला निघा, साडेसहापर्यंत फोटो उरका, तेव्हाचा उजेडही मऊ असतो.

एफ १.८ घेतली की नवीन माणूस हमखास जी चूक करते ती म्हणजे सगळे फोटो १.८ वरच काढणे. ५० नं एक मीटरवरून १.८ ला काढलं तर जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. देशी कुत्र्याचं नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे नाक चकचकीत अन् डोळे धुरकट, आणि डोळे गेले की फोटो गेला. कुत्र्याला एफ ४ करा अन् अर्धा मीटर मागं व्हा. मांजराचं तोंड चपटं, तिथं २.२, २.५ चालून जाते. फोकस पॉइंट कॅमेऱ्याला निवडू देऊ नका, तो जवळचं नाकच पकडतो, आपण डोळ्यावर ठेवायचा. नवीन मिररलेस बॉडी असेल, कॅननची आर५० वगैरे, तर ती जनावराचा डोळा स्वतः शोधते, तिथं आरएफ ५० एफ १.८ लावा अन् हा सगळा त्रास विसरा.

टिपू काळा अन् पिठी पांढरी असल्यानं आणखी एक. काळ्या कुत्र्यानं फ्रेम भरली की कॅमेऱ्याला वाटते अंधार आहे, मग तो फोटो उजळवतो आणि काळा कुत्रा राखाडी दिसते. एक्सपोजर, म्हणजे फोटो उजळ-अंधारा करायची सेटिंग, पाऊण-एक उणे करा. पांढऱ्या मांजरीला उलटं, अधिक करा, नाहीतर ती मळकी येते. आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडूच नका. जनावरांच्या डोळ्यांत मागं उजेड परत फेकणारा थर असतो, त्यामुळं डोळे हिरवे पेटल्यासारखे येतात, शिवाय दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरलेला कुत्रा फ्लॅश पाहून पलंगाखाली जाऊन बसतो, मग दिवसभर बाहेर निघत नाही. मला त्याला तसं पाहवत नाही.

ट्यूबलाइट अन् स्वस्त एलईडीखाली शटर फार वाढवला तर एक फोटो उजळ अन् पुढचा अंधारा येते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नका, जनावराला खिडकीपाशी न्या.

सेकंडहँड घेताना मात्र सावध राहा. माझ्या आतेभावानं त्याच्या डी३४०० साठी निकॉनची ५० एफ १.८ डी घेतली, विकणारा म्हणाला निकॉनलाच तर लागते, चालते. लागली, पण ऑटोफोकस होईना. डी लेन्सला फिरवायची मोटर बॉडीत लागते आणि डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती नसतेच. पैसे परत मिळाले नाहीत, पोरगं महिनाभर हातानं फोकस फिरवत मांजरीच्या मागं धावलं. त्या बॉडीला एएफ-एस लिहिलेलीच, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली, घ्या. एएफ-पी (लेन्समधल्या मोटरचा नवीन प्रकार) लिहिलेली असेल तर बॉडी किती जुनी ते पाहा, डी३१००, डी५१०० वर एएफ-पीचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननच्या डीएसएलआरला हा घोळ नाही.

आणि बुरशी. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा, पुढून तिरकं पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत द्या. लोकांना वाटते नागपूर कोरडं, इथं काय बुरशी. पण पावसाळ्याचे तीन-चार महिने आहेत, आणि उन्हाळ्यात खस लावलेल्या कूलरसमोर बॅग ठेवून देतो आपण, सगळा ओलावा सरळ काचेवर. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा अन् सिलिका जेलच्या पुड्या, शंभर-दोनशे रुपयांत काम होते.

शेजारच्या पोरीला मी काहीच विकत घ्यायला सांगितलं नाही आधी. म्हटलं, किटच्या झूम रिंगला ३५ वर चिकटपट्टी लाव, एक आठवडा तसंच काढ. मग ५० वर लाव, अजून एक आठवडा. फोटो बिघडतील, ते पाहू नको, मांजर फ्रेममध्ये मावते का अन् तू कुठं उभी राहतेस ते पाहा. पन्नासच्या आठवड्यात ती तीनदा पलंगावर चढली अन् एकदा बाल्कनीच्या दाराबाहेर गेली. मग आम्ही सेकंडहँड ३५ एफ १.८ जी पाहिली, टॉर्च मारून, तिच्याच बॉडीवर लावून, मांजरीच्या जागी दुकानातल्या कॅलेंडरवर फोकस करून. साडेसात हजारात जमली. उरलेल्या पैशात डबा, सिलिका जेल, आणि पिठीसाठी पिसाची काडी, तिच्या नजरेसमोर लेन्सच्या वर धरायला.

काल सकाळी तिनं फोटो पाठवला. पिठी खिडकीच्या कट्ट्यावर, उजेड एका बाजूनं, एफ २.२, १/५००, दोन्ही डोळे स्पष्ट, अन् डाव्या कानाच्या आतले केससुद्धा मोजता येतात.