यूएसडीएचं ग्रामीण गृहकर्ज: होप गावाबाहेर काही महिने राहिल्यावर

कोलंबस (इंडियाना) म्हटलं की पुणेकरांना फार सांगावं लागत नाही. कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्यालय इथलं, आणि कोथरूडशी त्याचं नातं जुनं. इथे नव्याने आलेली मराठी मंडळी भाड्याच्या घरातून बाहेर पडायची वेळ आली की एकमेकांना हमखास विचारतात, "ते शेतकी खात्याचं कर्ज आपल्याला मिळतं का हो?" मिळतं, पण अटी नीट समजून घ्याव्या लागतात. आम्ही २०२५च्या ऑगस्टमध्ये त्याच कर्जावर बार्थोलोम्यू काउंटीत, होपच्या थोडं बाहेर घर घेतलं. हिवाळा त्याच घरात काढलाय, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ मिटवू. यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या शेतकी खात्याची, घरासाठीची कर्जं दोन. एक 'डायरेक्ट', जे सरकार स्वतः देतं. ते कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असतं आणि त्यात व्याजाचा भार १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतो. दुसरं 'गॅरंटीड'. त्यात पैसे बँक किंवा मॉर्गेज कंपनी देते आणि सरकार फक्त हमी देतं. आमचं हे दुसरं. डाउन पेमेंट शून्य, मुदत ३० वर्षं, व्याजदर स्थिर. हमीपोटी सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का शुल्क, जे कर्जातच घालता येतं, आणि पुढे दरवर्षी ०.३५ टक्के. २ लाख ४० हजार डॉलरचं कर्ज धरलं तर हे वार्षिक शुल्क महिन्याला साधारण ७० डॉलर पडतं. एफएचए या दुसऱ्या सरकारी हमीच्या कर्जात ३.५ टक्के डाउन पेमेंट, वर १.७५ टक्के सुरुवातीचं शुल्क. हिशेब तुम्हीच करा. मात्र सरकारी हमी नसलेल्या साध्या कर्जावरचा पीएमआय (कर्जाचा विमा) घराच्या किमतीत आपला वाटा २० टक्के झाला की काढून घेता येतो. हे ०.३५ टक्के कर्ज असेपर्यंत चालूच राहतं. मला या योजनेतलं सगळ्यात खटकलेलं हेच.

एच-वन-बीवर असाल तर इथेच थांबा. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले (आणि निर्वासितांसारखे काही मोजके गट) यांनाच हे कर्ज मिळतं. २०२५च्या मेपासून एफएचएनेही तात्पुरत्या व्हिसावाल्यांना दार बंद केलंय.

आता नकाशा. यूएसडीएच्या साइटवर पत्ता टाकला की घर पात्र जागेत आहे का ते कळतं. रंगवलेला भाग अपात्र, बाकीचा पात्र. लोक उलटं समजून बसतात. कोलंबस शहराची लोकसंख्या ५० हजारांच्या घरात, त्यामुळे शहर बाद. होप, हार्ट्सव्हिल अशी छोटी गावं चालतात. शहराच्या कडेला तर गंमतच असते: एकाच रस्त्याच्या अलीकडचं घर बाद आणि पलीकडचं पात्र. घर आवडण्याआधी पत्ता तपासा, नाहीतर मन मोडतं. 'ग्रामीण' म्हणजे शेतावरचंच घर असंही नाही. उलट कमाईच्या शेतीसाठी हे कर्ज नाहीच. आमच्या कुंपणामागे दूरवर मक्याचं शेत आहे, ते दुसऱ्याचं.

खरा पेच उत्पन्नाचा. मर्यादा परिसराच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ११५ टक्के. २०२५ साली देशातल्या बहुतेक काउंट्यांत १ ते ४ माणसांच्या घराला १,१९,८५० डॉलर आणि ५ ते ८ माणसांना १,५८,२५० (आपल्या काउंटीचा आकडा बघून घ्या). आणि इथे फक्त अर्जदाराचं नव्हे, घरातल्या सगळ्या प्रौढांचं उत्पन्न मोजतात, कर्जावर नाव असो वा नसो. पहिल्या लोन ऑफिसरने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं, फक्त नवऱ्याचा पगार दाखवा. फाइल पुढे गेली आणि परत आली. तिथून आम्ही लेंडर (कर्ज देणारी कंपनी) बदलला.

माझी शाळेतली अर्धवेळ नोकरी धरली की चार माणसांच्या मर्यादेच्या आम्ही थोडे वर जात होतो. पण आई आमच्याकडे ग्रीन कार्डवर कायमची राहते. तिच्यासकट आम्ही पाच, म्हणजे वरची मर्यादा लागू. जे एकत्र कुटुंब इथे अपार्टमेंट मिळवताना अडचण ठरतं, ते या कर्जात उपयोगी पडलं. अर्थात तिचं उत्पन्नही मोजलंच. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेचं पेन्शन! पेन्शन पेमेंट ऑर्डर मराठीत, त्यावर गोल शिक्का. तिचं भाषांतर, बँकेची स्टेटमेंट्स, रुपयांचे डॉलर, सगळं झालं. आई म्हणाली, "माझ्या पेन्शनवर अमेरिकेचाही डोळा आहे तर." बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पाळणाघराचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, त्याच्या पावत्या जपून ठेवा. टुरिस्ट व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मात्र घरातले सदस्य धरत नाहीत.

घराची तपासणी कडक असते, आणि ते मला आवडलं. आमच्याकडे बोअरचं पाणी आणि सेप्टिक टँक. पाणी तपासणारा माणूस आला, नळाची जाळी काढली, तोटी पुसली, बराच वेळ पाणी वाहू दिलं आणि मगच बाटली भरली. जंतूंबरोबर नायट्रेटही बघतात, कारण आजूबाजूला मक्याला खत पडतं. लिटरला १० मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. आपलं आपण घर घेतलं असतं तर इतकं कोणी केलं असतं का, शंका आहे. पुराचा नकाशाही बघून घ्या. २००८च्या जूनमध्ये हॉ क्रीकने कोलंबसचं काय केलं ते नवऱ्याच्या ऑफिसातले जुने लोक अजून सांगतात, आणि तो ओढा आमच्याच भागातून तिकडे जातो.

वेळ मात्र जास्त लागतो. लेंडरने मंजूर केल्यावर फाइल सरकारी ऑफिसात जाते आणि तिथून 'कंडिशनल कमिटमेंट' (हमीचं सशर्त पत्र) आल्याशिवाय क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, नाही. घर विकणाऱ्याला हे आधीच सांगून मुदत मागा. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ सरकार बंद होतं तेव्हा नवी कमिटमेंट्स निघणंच थांबलं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं घर त्यातच हातचं गेलं.

राहायला आल्यावरचा हिशेब: मुद्दल-व्याज ठरलेलं, पण घराचा विमा वाढला आणि त्याबरोबर एस्क्रोचा (कर आणि विम्यासाठी हप्त्याबरोबर बाजूला जाणाऱ्या पैशांचा) आकडाही. मे आणि नोव्हेंबरच्या १० तारखेला मालमत्ता कराचे हप्ते असतात, ते एस्क्रोतून जातात. होमस्टेड सवलतीचा (स्वतः राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज काउंटी ऑडिटरकडे झालाय ना, हे स्वतः फोन करून विचारा. लेंडर ते तुमच्या वतीने बघेलच असं नाही.