फियाटच्या एक्सलचे 18,700 रुपये गेले, तुमचे तरी वाचवा

जुन्या गाडीवाल्यांना गॅरेजवाले कसे कापतात ते नव्यानं सांगायची गरज नाही, खोक्यात नवं दाखवायचं आणि गाडीत जुनंच ठोकायचं, सगळ्यांना माहितीय. तरी लिहायलोय, कारण माझ्यासारखा घरी ट्रॅक्टर खोलणारा माणूस कापला जातो तर बाकीच्यांचं काय!

वडिलांची 1984ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. मागच्या डाव्या चाकातून घरघर आणि ड्रममध्ये ऑईल, म्हणजे बेरिंग आणि ऑईल अडवणारं सील दोन्ही गेलेले. अंबाजोगाईत आमच्या मिस्तरीकडं प्रेस (बेरिंग दाबून काढायचं-बसवायचं मशीन) नाही म्हणून संभाजीनगरला एका 'फियाट स्पेशालिस्ट'कडं दिली (नाव लिहीत नाही, वकिलानं सांगितलंय). बेरिंग दोन 6,400, सील दोन 1,700, कॉलर (बेरिंगला दांड्यावर धरून ठेवणारी रिंग) दोन 1,200, गिअर ऑईल 1,100, ड्रम टर्निंग 800 आणि मजुरी 7,500. एकूण 18,700. त्यातले 10,000 फोनवरून आधी, 8,700 रोख, आणि बिल कच्चं. पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

आता ज्याच्यामुळं झोप येत नाही ते. गाडी घ्यायला गेलो तर एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणारा, दांडा अजून टेबलावर होता, बेरिंग चढवलेलं, आणि बेरिंगची आतली रिंग निळी पडलेली. म्हणलं मिस्तरी हे निळं कामून? तर हसून म्हणतो, "काका, कॉलर तापवूनच बसवतात, निळं होणारच." आणि इथंच गेम आहे बघा, कारण अर्धं खरंय! कॉलर तापवूनच बसवायची असते, गरम असताना सरकवायची, थंड झाली की दांड्याला आवळून बसते. पण ती कॉलर, बेरिंग नाही. बेरिंगला साधारण 120 डिग्रीच्या पुढं तापवायचं नसतं आणि लोखंड निळं पडतं ते 300च्या आसपास. म्हणजे त्यानं गॅस कटरची आग थेट बेरिंगवर धरली होती. मला हे माहिती होतं हो! पण दुपारची वेळ, पुढं अंबाजोगाईपर्यंतचा रस्ता, आणि समोरचा माणूस नवं खोकं हातात घेऊन इतकं गोड बोलतोय, तिथं कोण वाद घालतं? जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". जुने पार्ट गाडी देतानाच सांगून ठेवा, परत पाहिजेत म्हणून.

पुढं बीडला लग्नाला निघालो, मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढायली, डाव्या ब्रेक लायनरवर ऑईल येऊन तिकडचा ब्रेकच धरेना. गाडीत बायको आणि लेकरं. खाली येईपर्यंत सेकंड गिअर सोडला नाही.

आमच्या मिस्तरीनं खोललं तर एकेक निघालं. सील कोरडंच ढकललेलं, ओठ फाटलेला. सीलच्या ओठाला ऑईल लावायचं आणि स्प्रिंगची बाजू ऑईलकडं, एवढं तर पोरालाबी कळतं. दांड्यावर जुन्या सीलनं पाडलेली चरी तशीच. हाऊसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) चिखलानं बंद, मग आतला दाब सीलातूनच बाहेर येणार ना, 7,500 मजुरीत तो साफ करायला काय जात होतं? बेरिंगवरचा नंबर थिनरच्या फडक्यानं पुसला तर चक्क गेला, खाली घासल्याच्या खुणा. जुनं बेरिंग पॉलिश करून ग्रीस भरलेलं. आणि कॉलर दोन ठिकाणी वेल्डिंगचा टाका मारून अडकवलेली!! पद्मिनीचा एक्सल सेमी-फ्लोटिंग, म्हणजे दांड्याला आत धरून ठेवते ती ही कॉलरच, ती सरकली की चाकासकट दांडा बाहेर. दुरुस्तीचे 9,350 वेगळे गेले.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात दुकान आमच्या हद्दीत नाही. ज्यांच्या हद्दीत आहे ते म्हणतात हे सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा. म्हणलं घासलेलं बेरिंग नवं म्हणून विकणं ही फसवणूक नाही का, भारतीय न्याय संहितेचं 318 कलम कशाला आहे? तर म्हणे "वकील आहात का?" झिरो एफआयआरचं (हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवायचा त्याचं) नाव काढलं तर हवालदार दुसऱ्याच फायलीत बघायला लागला, आणि एकानं तर वर विचारलं की इतकी जुनी गाडी ठेवताच कशाला. अरे गाडी ठेवणं गुन्हा आहे का? निळं बेरिंग टेबलावर ठेवलं तर म्हणे हे उचला, टेबल खराब होतं. फसवून विकणारा एसीत बसतो आणि तक्रारवाल्याला बाकड्यावर अर्धा दिवस बसवतात, चहा तर सोडा, पोचपावतीसुद्धा देईनात! लेखी अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, तोंडी बोलण्याला काही किंमत नाही.

एक गोष्ट कामाची कळली. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, संभाजीनगरच्या चकरा नकोत, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. 1915 या ग्राहक हेल्पलाईनलाही नोंदवा. बेरिंग माझ्यासमोर खोक्यातून काढ आणि माझ्यासमोरच चढव, असं तोंडावर सांगा, मिस्तरी चिडला तर गाडी उचला.

बीडला तक्रार टाकतोय. बेरिंग, कॉलर, कच्चं बिल आणि फोनवरच्या 10,000ची पावती जपून ठेवलीय, त्या गॅरेजला अजून कुणी फसलं असेल तर सांगा, अर्ज सोबतच लावू.