फोल्डिंग व्हीलचेअर, सात महिन्यांनंतर : बोगदे, वाळू आणि नागपूरचा उन्हाळा

ही खुर्ची डिसेंबरात घेतली. घ्यायची होती त्याच्या आदल्या डिसेंबरात, पण मीच वर्षभर टाळलं. दुकानात जाऊन हात लावून परत यायचे. खुर्ची घरात आली की पोराचं चालणं संपलं, असं डोक्यात घट्ट बसलं होतं.

मुलगा अकरा वर्षांचा. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायूंना लागणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात तयारच होत नाही. आजार बहुतेक मुलग्यांना होतो. आधी मांड्या-कंबर, मग हात, पुढे हृदय आणि श्वास. स्टेरॉइडने वेग कमी होतो, आजार जात नाही. साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास बरीच मुलं खुर्चीवर येतात. घरात तो भिंत धरून चालतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो. चार जिने तर सोडाच, चारशे पावलंही झेपत नाहीत.

आम्ही नागपुरात अजनीला राहतो. इलेक्ट्रिक लोको शेड (विजेच्या रेल्वे इंजिनांचं आगार) जवळ, त्यामुळे पोराला भोंग्यावरून इंजिन ओळखता येतं. त्याची इच्छा एकच होती : कोकण रेल्वेचे बोगदे मोजायचे. डिस्नेलँड नाही, विमान नाही, बोगदे. नातेवाइकांनी सुचवलं की आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्थेकडे अर्ज कर. मेक-अ-विश ही त्यातली सर्वांना माहीत असलेली. 1980 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात सुरू झाली, भारतात 1996 पासून आहे, 3 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी काम करते. चांगलंच काम आहे. पण आमची इच्छा रेल्वेच्या तिकिटात मावणारी होती, म्हटलं ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे. पैशांचा अर्धा भार माझ्या भावाने उचलला. हरकत घेतली ती फक्त सासूबाईंनी, "बरा झाल्यावर जाऊ" म्हणून. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्वतःची पिशवी भरून दारात आणून ठेवली.

आता खुर्ची. ही ट्रान्झिट प्रकारची, म्हणजे मागची चाकंही लहान, बसणाऱ्याने स्वतः फिरवायची नाहीत, मागून कुणीतरी ढकलायची. ॲल्युमिनियमची, दहा-अकरा किलोची, पाठ मध्ये दुमडते, पायटे (पाय ठेवायचे आधार) निघतात. भरीव टायर, पंक्चरची भानगड नाही. मागच्या दांड्यांना सायकलसारखे ब्रेक. मुलाला स्वतः फिरायचं असेल तर ही घेऊ नका, पहिल्या दिवसापासून चिडेल. आमच्या पोराच्या हातात तेवढा जोर नाही म्हणून आम्हाला चालली.

आम्ही गेलो तेव्हा नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा होती. दुपारी निघायची, रात्र विदर्भ-खानदेशात जायची आणि उजाडल्यावर पनवेलच्या पुढे लागायची, म्हणजे बोगदे दिवसाउजेडी. नागपूर स्टेशनवर पहिली परीक्षा. फलाटावर खुर्ची मस्त पळाली, पण थ्री-एसीच्या डब्यात आतल्या बोळातून ती जात नाही, हे आधीच धरून चाला. हमाल म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, पोट्टं मी घेतो, तुम्ही खुर्ची घ्या." घेतलंही, अगदी बर्थपर्यंत. पायटे काढून पाठ दुमडली तर खुर्ची खालच्या बर्थखाली गेली. तिथेच ती रत्नागिरीपर्यंत होती. ज्या प्रवासासाठी घेतली त्यातले वीस-एक तास तिचा काही उपयोग नाही!

एक व्यवहाराची गोष्ट : स्टेरॉइडच्या गोळ्या सुटकेसमध्ये ठेवू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा, आणि दोन पट्ट्या जास्त. ही औषधं एकदम बंद करायची नसतात. रात्री त्याला कूस बदलायला मदत लागते, म्हणून मी समोरच्या बर्थवर गजर लावून झोपले होते.

रोह्यापासून वही उघडली. रोहे ते कर्नाटकातलं ठोकूर 741 किलोमीटर आणि नव्वदच्या वर बोगदे, हे सगळं त्याला पाठ. एका बोगद्याला एक रेघ. त्याची ताई, म्हणजे माझी मुलगी, वेगळ्या कागदावर मोजत होती, आणि चिपळूणपर्यंत दोघांचे आकडे दोनने चुकत होते. मग भांडण. एक छोटा बोगदा की नुसताच पूल, यावर शेजारच्या काकांनाही पंच केलं. इंजिन विजेचं आहे म्हणून तो आधीच थोडा नाराज होता. 2022 मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालं हे माहीत असूनही डिझेलची आशा ठेवली होती साहेबांनी.

त्याचा खरा जीव करबुड्यात. रत्नागिरीच्या अलीकडचा हा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, काश्मीरकडचा पीर पंजाल बोगदा 2013 मध्ये सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. गाडी आत शिरली आणि एसी डब्याच्या काचेत त्याला फक्त स्वतःचं तोंड दिसायला लागलं. डब्यातले दिवे! एवढ्या लांब येऊन आरसा. त्याचा चेहरा असा पडला की माझ्याच पोटात गोळा आला. तेवढ्यात ताईने रेल्वेची घोंगडी दोघांच्या डोक्यावरून काचेपर्यंत ओढली. आत अंधार झाला तशा भिंती दिसल्या, मधूनच एखादा दिवा सर्रकन जायचा. घोंगडीखालून आवाज येत होता, "ताई, दगड! दगड दिसून राहिले!" मी मोबाइलवर वेळ लावली होती, सहा मिनिटांच्या आसपास. सासूबाई जपमाळ ओढत होत्या, बोगद्यासाठी की नातवासाठी, कुणास ठाऊक.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला गेलो आणि तिथे खुर्चीने खरा हिसका दाखवला. पुढची चाकं इतकी लहान की सुक्या वाळूत दोन फुटांवर रुतली. उपाय तिथल्या भेळवाल्याने सांगितला : खुर्ची उलटी फिरवा, थोडी मागे कलवा आणि मागच्या चाकांवर ओढत न्या. तसं ओढलं. पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर मग ती सरळही चालली. या धडपडीत एका पायट्याचा स्क्रू पडला, तो काही सापडला नाही. परकराच्या नाडीने बांधून काम भागवलं.

आणि तिथे मला खुर्चीबद्दलची माझी चूक कळली. दिवसभर बसून असल्यामुळे त्याचे पाय शिल्लक होते. एरवी आम्ही कुठेही गेलो की तिथपर्यंत पोचण्यातच ते संपायचे. मागच्या वर्षी मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नेलं होतं, फाटकापासून पहिल्या इंजिनापर्यंत जाऊन दमला आणि बाकी न बघता परतलो. पुळ्याला तो मांड्यांवर हात टेकून उठला, आम्ही दोघांनी काखेत धरलं आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. लाट आली की ओरडायचा. पाच मिनिटं असतील. मग स्वतःच म्हणाला, "बस. आता गाडीत बसतो."

परतल्यावर संग्रहालयात पुन्हा नेलं, दोन तास फिरलो. हिरवळीवर ढकलायला जड जाते, पक्क्या वाटेवर नाही.

तक्रारी आता. सगळ्यात मोठी, बसायची जागा. कापडी बैठक चौथ्या महिन्यात झोळीसारखी लोंबली. या आजारात पाठीला बाक यायची भीती असते, वाकडं बसणं परवडत नाही. फिजिओथेरपिस्टने प्लायवूडची फळी आणि वर दोन इंची फोम टाकायला सांगितलं, सुताराने चारशे रुपयांत करून दिलं. हे पहिल्या दिवसापासून करा. ब्रेकची वायर दोन महिन्यांत सैल झाली. दुकानदार "सर्व्हिसला पाठवावी लागेल, पंधरा दिवस" म्हणाला. सायकलवाल्या भाऊंनी चाळीस रुपयांत दहा मिनिटांत ओढून दिली. खाऱ्या पाण्याने स्क्रूंना गंज चढला. आल्या आल्या गोड्या पाण्याने धुतली असती तर वाचले असते, मी दोन दिवस कपडेच धूत बसले. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उन्हात उभी केलेली खुर्ची म्हणजे तवा. दांड्यांना जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. आता पावसात भरीव टायर ओल्या टाइल्सवर घसरतात, शाळेच्या व्हरांड्यात जपून.

स्टेरॉइडमुळे त्याचं वजन वाढतंय, सोळा इंची बैठक घट्ट व्हायला लागली आहे. पुढची खुर्ची मापाची, पाठीला आधार असलेली घ्यावी लागेल. ती या पैशात येत नाही. तुमच्या मुलाला दिवसभर बसायचं असेल तर ही घेऊच नका. प्रवासाला, बाजाराला, शाळेच्या फाटकापर्यंत, एवढ्यासाठी पैसा वसूल आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापला दुकानदाराच्या त्या पंधरा दिवसांसाठी.

नवीन आली की ही जुनी विकणार का, असं दोघांनी विचारलं आहे. नाही. इंजिनावर शेडचं नाव असतं तसं त्याने पाठीवर पांढऱ्या ऑइल पेंटने 'अजनी' लिहिलंय, आणि ते रॉकेलनेही निघत नाही.