दीड वर्ष स्वतःचं डोमेन वापरून: सगळं त्या एका रकान्यात आहे

आधी कबूल करतो, डोमेनवर, म्हणजे साइटच्या स्वतःच्या नावावर, पैसे घालवणं ही मला चैन वाटायची. वेबसाइट बिल्डरच्या फुकट पत्त्यावर आमचं बरं चाललं होतं. मग त्या कंपनीने फुकटची योजनाच गुंडाळली. साइट गेल्याचं काही नाही, मजकूर माझ्याकडे होता. पण तो पत्ता छापलेली व्हिजिटिंग कार्डं गठ्ठ्यांनी पडून राहिली. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अजून हिशेब करतो.

साइट बनवणाऱ्याने मग डोमेन घेऊन दिलं. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर बघून मी खूश. नूतनीकरणाचा दर तिथेच खाली बारीक अक्षरांत होता, तो वाचायचा राहिला.

वर्ष संपलं आणि एका सकाळी साइट बंद, मेलही बंद. मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशा दोन सूचना पाठवणं रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, आयकॅनच्या (.com सारख्या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) नियमाने बंधनकारक आहे. त्याने पाठवल्याही होत्या, पण साइटवाल्याच्या मेलवर. रजिस्ट्रंटच्या, म्हणजे डोमेनधारकाच्या, रकान्यात नाव त्याचंच होतं! त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, स्वतःच्या खात्यातून पटकन घेऊन टाकलं इतकंच. पण मी रजिस्ट्रारशी भांडायला गेलो तर उत्तर आलं, तेही अगदी गोड शब्दांत: डोमेन तुमच्या नावावर नाही. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा ऑथ कोड मागितल्यावर पाच दिवसांत मिळायला हवा, हाही नियम आहे. फक्त तो रजिस्ट्रंटसाठी. पैसे मी भरलेले, पाटी माझी, आणि कागदावर मी कोणीच नाही.

शेवटी त्याच्यामार्फत नूतनीकरण केलं, सवलतीशिवायच्या पुऱ्या भावाने. उशीर आणखी वाढला असता तर डोमेन रिडेम्प्शनमध्ये गेलं असतं. ते ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, पुढे ५ दिवसांनी कोणीही उचलावं. मग रकान्यातलं नाव बदलून माझं करून घेतलं. नाव बदललं की ६० दिवस रजिस्ट्रार बदलता येत नाही, हे बदलल्यावर कळलं. आधी एक खूण केली असती तर ही अट टळली असती म्हणे.

इथवर मी एक तारा देणार होतो. पण गेल्या महिन्यात होस्टिंग बदललं. साइट नव्या जागी चढवली, डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणाऱ्या, नोंदी बदलल्या आणि एकाही ग्राहकाला कळलंही नाही. पत्ता तोच, मेल तोच, कार्डं तीच. नवीन छपाई शून्य! त्या दिवशी नूतनीकरणाचा भाव पहिल्यांदा स्वस्त वाटला.

एक गाढवपणा मात्र माझाही. नाव बदलून घेताना संपर्काचा मेल म्हणून याच डोमेनवरचा पत्ता दिला होता. डोमेन पुन्हा बंद पडलं असतं तर सूचनाही बुडाल्या असत्या! आता तिथे वेगळा मेल आहे. दर एक तारखेला नाव तपासतो. गोपनीयता सेवेमुळे बाहेरून ते दिसत नाही, म्हणून खात्यात शिरून बघतो. परवाही पाहिलं. माझंच होतं.